गंजाखालची अक्षरं



टोकियोच्या उत्तरेला साइतामा नावाचा प्रांत आहे. तिथल्या ग्योदा गावाजवळ इनारियामा नावाचं मातीचं एक थोरलं थडगं आहे. वरून पाहिलं तर त्याचा आकार किल्लीच्या भोकासारखा दिसतो. १९६८ साली ते उकरलं तेव्हा आतून आरसा, मणी, घोड्याचा साज आणि गंजाचे पापुद्रे चढलेली एक लोखंडी तलवार निघाली. अशा गंजक्या तलवारी जपानी थडग्यांतून पुष्कळ निघतात. हीसुद्धा यादीत नोंदली गेली आणि संग्रहालयात ठेवली गेली. दहा वर्षांनी, १९७८ साली, गंज आणखी पसरू नये म्हणून तिच्यावर उपचार करायला ती नारा इथल्या गांगोजी संस्थेकडे पाठवली. तिथे गंजाच्या आत सोन्याची चमक दिसली. क्ष-किरणांनी छायाचित्र घेतलं आणि पात्याच्या दोन्ही बाजू मिळून ११५ अक्षरं उमटली. प्रत्येक अक्षर लोखंडात खाच पाडून सोन्याच्या तारेने भरलेलं होतं.

ती अक्षरं लिहवून घेणाऱ्या माणसाचं नाव वोवाके. आपल्या घराण्याच्या आठ पिढ्या तो सांगतो. आम्ही तलवारधारी रक्षकांचे प्रमुख म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली, म्हणतो. महाराजा वाकाताकेरूच्या दरबारात मी राज्यकारभाराला हातभार लावला आणि त्याची नोंद म्हणून ही तलवार करवून घेतली, असा त्याचा दावा आहे. जपानमध्ये त्या काळातलं लिखाण इतकं थोडं आहे, की या ११५ अक्षरांनी पाचव्या शतकाच्या इतिहासाचं एक पान नव्याने लिहिलं गेलं.

याचा एक परिणाम तर फार दूर जाऊन झाला. क्यूशू बेटावर कुमामोतो प्रांतात एता-फुनायामा नावाचं दुसरं थडगं आहे. तिथे १८७३ साली एक तलवार सापडली होती, तिच्यावर चांदीने भरलेली सुमारे ७५ अक्षरं होती. राजाच्या नावातली मधली अक्षरं झिजलेली होती. विद्वानांनी ती जुळवून एक वेगळाच राजा ठरवला होता आणि बराच काळ ते वाचन ग्राह्य धरलं गेलं. इनारियामाची तलवार बोलू लागल्यावर कळलं, की क्यूशूच्या तलवारीवरचा राजाही वाकाताकेरूच असला पाहिजे. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दोन मुलखांतले दोन सरदार एकाच राजाचं नाव घेत होते. आणि हे कळलं ते गंज कोणी घासून काढला नव्हता म्हणून. त्या फुनायामाच्या तलवारीवर शेवटी आणखी दोन नावं आहेत, पातं घडवणाऱ्याचं आणि मजकूर लिहिणाऱ्याचं. दीड हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटलं, की लोहाराचं नाव राहिलं पाहिजे आणि लेखनिकाचंही.

तिसरी हकीकत याच्या उलट आहे. नारा प्रांतातल्या इसोनोकामी देवस्थानात सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीची एक विलक्षण तलवार आहे. तिच्या पात्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन फांद्या फुटल्या आहेत. १८७०च्या दशकात तिथले मुख्य पुजारी कान मासातोमो यांना गंजाखाली सोनं दिसलं. ते स्वतः इतिहासाचे अभ्यासक होते, उत्सुकता अनावर झाली आणि त्यांनी गंज खरवडला. साठेक अक्षरं वर आली. कोरियातल्या पेक्चे राज्याने जपानच्या राजासाठी करवलेली ही तलवार, एवढं निश्चित झालं. पण सालाच्या नावातलं पहिलं अक्षर वाचता येतं आणि दुसरं धड वाचता येत नाही. बहुतेक अभ्यासक इ. स. ३६९ मानतात, काही मानत नाहीत. पेक्चेने ती मान देऊन पाठवली की खालच्या राजाला बक्षीस म्हणून दिली, हा वादही पुसट झालेल्या अक्षरांवरच चालला आहे. गेल्या दीडशे वर्षांत जपान आणि कोरिया यांचे संबंध कसे होते हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा हा वाद किती कडवट झाला असेल याची कल्पना करता येईल.

या तीन तलवारी आधी सांगितल्या, कारण आज मला जे सांगायचं आहे ते सगळं त्यांच्यात आहे. जपानी जुन्या वस्तू गोळा करणारा माणूस लेख वाचायला आसुसलेला असतो. मीही असतो. पण अक्षर वाचायच्या आधी वस्तू वाचावी लागते. जो वस्तू वाचत नाही तो अक्षरांकडून फसतो आणि जो घाईने अक्षरांपर्यंत पोचायला बघतो तो ती अक्षरंच पुसून टाकतो.

आता इनारियामाच्या सालाबद्दल. लेखात साल दिलं आहे ते साठ वर्षांच्या चक्रातलं. आपल्याकडे प्रभव, विभव अशी साठ संवत्सरं आहेत, पंचांगाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव असतं. चिनी-जपानी चक्रात दहा आणि बारा अशा दोन मालिका एकमेकींत गुंफलेल्या असतात आणि साठ वर्षांनी तीच जोडी पुन्हा येते. इनारियामावरची जोडी ४७१ सालीही येते आणि ५३१ सालीही येते. बहुमत ४७१चं आहे, पण ते अक्षरांवरून ठरलेलं नाही. राजाचं नाव, थडग्यातल्या इतर वस्तू आणि चिनी इतिहासग्रंथांतले उल्लेख यांच्या मेळातून ते ठरलं. पुढे जपानी कारागीर बहुधा राजशकाचं नाव आणि त्यातलं कितवं वर्ष असं लिहू लागले. संग्राहकाला त्या शकांची यादी पाठच करावी लागते. एइशो हा शक १५०४ साली सुरू झाला, म्हणजे एइशोचं बारावं वर्ष १५१५. शोवा १९२६ला सुरू झाला, म्हणजे शोवाचं अठरावं वर्ष १९४३. हे गणित सोपं आहे. अडचण येते ती शकाच्या नावातलं एखादं अक्षर गेलं की. त्याकडे मी शेवटी येईन.

मध्ययुगात आणि त्यानंतर सही असते ती पात्यावर नव्हे, मुठीच्या आत जाणाऱ्या भागावर. त्याला जपानीत नाकागो म्हणतात. मूठ लाकडाची असते. तिच्यातून आणि नाकागोतल्या छिद्रातून बांबूची एक लहानशी खुंटी आरपार जाते आणि सगळी तलवार त्या एका खुंटीवर धरलेली असते. लाकडी काडीने खुंटी ढकलून काढली, मूठ सरकवली, की काळसर गंजलेलं लोखंड दिसतं. पात्याला पुन्हापुन्हा झिलई दिली जाते, नाकागोला कधीच नाही. त्यामुळे पाचशे वर्षांपूर्वी लोहाराने जो कानसेचा शेवटचा हात फिरवला त्याच्या रेघा तशाच असतात. आडव्या की तिरप्या, कुठल्या दिशेला उतरत्या, यावरून घराणं ओळखता येतं. टोक कसं तासलं आहे, छिद्रं किती आहेत, छिद्र ठोकून पाडलं आहे की गिरमिटाने, हे सगळं सहीच्या आधी वाचायचं.

सही कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा बोलतं. तलवार टोक वर करून उभी धरली आणि सही आपल्याकडे केली, तर धार उजवीकडे असेल तेव्हा ती ताची, म्हणजे घोडेस्वाराची, धार खाली करून कमरेला टांगायची तलवार. धार डावीकडे आली तर कताना, धार वर करून शेल्यात खोवायची. सही नेहमी अंगाबाहेरच्या बाजूला असावी असा संकेत होता, त्यातून हा फरक आला. याला अपवाद आहेत. हिझेन प्रांतातले तादायोशी घराण्याचे लोहार कतानावरही ताचीच्या बाजूला सही करत. हा अपवाद माहीत असणं हीच मग हिझेनची एक खूण झाली.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलं आहे आणि पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हे त्याचं दुसरं नाव. तिथल्या लाकडी पुलावरून आपण सगळे चाललो आहोत. त्याच ओकायामा प्रांताचा एक भाग म्हणजे जुना बिझेन आणि बिझेन म्हणजे जपानी तलवारीचं माहेर. योशी नदीच्या काठी ओसाफुने नावाचं गाव आहे. तिथे मित्सुतादा, नागामित्सू, कागेमित्सू, कानेमित्सू अशी लोहारांची परंपरा चालली. नावांत मित्सू हे अक्षर पुढे जात राहतं हे तुमच्या लक्षात आलं असेल. १५९०च्या सुमारास नदीला मोठा पूर आला, भट्ट्या वाहून गेल्या आणि गाव पुन्हा त्या वैभवाला चढलं नाही. ओसाफुने आज सेतोउची शहरात मोडतं. २०२० साली त्या शहराने लोकवर्गणी गोळा करून उएसुगी केन्शिन या सरदाराच्या संग्रहातली ‘सान्चोमो’ ही तलवार ५० कोटी येनला विकत घेतली. तिच्यावर सही नाही. तरी ती बिझेनमधल्या फुकुओका इचिमोंजी घराण्याची, याबद्दल शंका घेतली जात नाही. वस्तू वाचणं म्हणजे काय ते इथे दिसतं.

ओसाफुनेच्या शेवटच्या काळात सर्वांत जास्त दिसणारं नाव सुकेसादा. या एका नावाने सही करणारे लोहार डझनांनी होते. पंधराव्या-सोळाव्या शतकात यादवी पेटली, पायदळ वाढलं आणि तलवारींची मागणी हजारांनी आली. भट्ट्यांतून घाऊक माल निघू लागला. त्यावर सही असते ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ एवढीच, सहा अक्षरांत; बिशू म्हणजे बिझेनच. पण एखाद्या सरदाराने खास बनवून घेतली असेल तर तोच लोहार ‘बिझेन नो कुनी जू ओसाफुने योसोझाएमोन नो जो सुकेसादा साकू’ असं प्रांत, वस्ती, गाव आणि स्वतःचं व्यवहारातलं नाव घालून सविस्तर लिहितो. कधी ज्याच्यासाठी केली त्याचंही नाव कोरतो. आखूड सहीची चांगली तलवार सापडत नाही असं नाही. पण सही लांबली की पोलादाचा कस आणि किंमत दोन्ही चढलेली असतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कागदावरचा एकही करार उरला नसताना गिऱ्हाईक कोणत्या दर्जाचं होतं ते अक्षरांच्या संख्येवरून कळतं.

मागच्या बाजूला तारीख असते. त्यात महिना बहुधा दुसरा किंवा आठवा असतो. पाणी द्यायला त्या महिन्यांतलं पाण्याचं तापमान योग्य असतं, असं परंपरा सांगते. प्रत्यक्षात एवढ्या तलवारी दोनच महिन्यांत पुऱ्या झाल्या असतील असं कोणी मानत नाही, तो लिहिण्याचा संकेत झाला होता. नवशिक्यासाठी मात्र हा संकेत वरदान आहे. दुसरा म्हणजे दोन आडव्या रेघा, आठवा म्हणजे दोन तिरप्या, खाली महिना आणि दिवस ही दोन सोपी अक्षरं. तेवढं दिसलं की तारीख कुठे आहे ते कळतं आणि मग वर सरकत जायचं.

सही छिन्नीने ठोकलेली असते. प्रत्येक रेघ म्हणजे लहान-लहान पाचरींची रांग. छिन्नी आत गेली की बाजूला धातूची बारीक वरंब उचलली जाते. बोट फिरवलं तर नव्या सहीत ती लागते, जुन्या सहीत झिजलेली असते. गंजाचं तसंच आहे. खऱ्या जुन्या सहीत खाचेच्या आतला गंज आणि बाहेरचा गंज एकाच वयाचा दिसतो. मागाहून कोणी नाव ठोकलं असेल तर खाच जुन्या गंजाला फोडून आत गेलेली दिसते, मग ती लपवायला रसायनाने नवा गंज चढवलेला असतो आणि त्याचा रंग तांबूस, पोत खरखरीत लागतो. रेघांचा क्रम, छिन्नी कुठून कुठे गेली, कुठे उचलली, ही प्रत्येक लोहाराची लकब असते. म्हणूनच जुने पारखी पातळ कागद नाकागोवर घट्ट धरून त्यावर शाईची कांडी घासत आणि ठसा घेत. काळ्या पार्श्वभूमीवर सही पांढरी उमटते. असे ठसे शेकड्यांनी जमवले की तुलना करता येते. आज आपण फोटो काढतो, तरी ठसा घेताना हाताला जे समजतं ते फोटोत येत नाही असं माझं मत आहे.

खोट्या सह्यांचा इतिहास सह्यांइतकाच जुना आहे. सतराव्या शतकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, नागासोने कोतेत्सू नावाचा लोहार होऊन गेला. आधी चिलखतं करायचा, उतारवयाकडे झुकल्यावर तलवारीकडे वळला आणि त्याचं नाव इतकं झालं, की कोतेत्सूची सही दिसली तर आधी ती खोटीच समजावी असा दंडक पडला. एकोणिसाव्या शतकातला नाओमित्सू तर खोट्या सह्या करण्यातला वस्ताद होता. या सगळ्यामागे फक्त लबाडी नव्हती. तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, अमदानीत सरदारांनी शोगुनला, शोगुनने सरदारांना नामांकित लोहाराची तलवार नजर करायची अशी रीत होती. नामांकित लोहार थोडे, समारंभ अनेक. मग मागणी पुरवली गेली. पारख करणारं होन्नामी घराणं पिढीजात. तोकुगावांच्या आधीचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या काळात त्याला मान मिळाला आणि याच घराण्यातला कोएत्सू (१५५८–१६३७) पुढे सुलेखन, लाखकाम आणि चहाच्या वाडग्यांसाठी अजरामर झाला. सही नसलेल्या तलवारीवर होन्नामी आपला निवाडा सोन्याने भरून लिहीत. म्हणून नाकागोवर सोन्याचं नाव दिसलं तर तो बहुधा लोहाराचा शब्द नसून पारख्याचा शब्द आहे, हे लक्षात ठेवायचं.

पुष्कळ जुन्या तलवारींवर सही नसण्याचं कारण वेगळंच आहे. लढाईची रीत बदलली, लांब ताची आखूड कराव्या लागल्या. टोकाकडून कापता येत नाही, तिथलं पाणी जातं. म्हणून मुठीकडून कापत आणि सही कापलेल्या तुकड्याबरोबर जाई. काही मालकांना हे सोसलं नाही. त्यांनी सहीची पट्टी उलटी दुमडून नव्या नाकागोत बसवून घेतली, किंवा सहीचा चौकोन कापून चित्राच्या चौकटीसारखा पोलादात जडवला. मूळ नाव जाऊ नये म्हणून केलेली ही खटपट पाहिली की त्या अनाम मालकांबद्दल आदर वाटतो. दुसऱ्या टोकाला मुरामासा नावाच्या लोहाराच्या तलवारी आहेत. त्या तोकुगावा घराण्याला अपशकुनी मानल्या जात, म्हणून भीतीने कित्येकांनी सहीतलं एक अक्षर घासून काढलं.

सतराव्या शतकातल्या काही नाकागोंवर सोन्याने आणखी एक मजकूर असतो. यामानो घराण्यातल्या परीक्षकाने देहदंड झालेल्यांच्या प्रेतांवर ही तलवार चालवली आणि एका घावात दोन धडं तुटली, अशा अर्थाचा. तो वाचताना अंगावर काटा येतो. पण वाचलाच पाहिजे. वस्तू सुंदर आहे म्हणून ती कशासाठी होती हे विसरता येत नाही.

पात्यावर कधीकधी एक अक्षर कोरलेलं असतं, ते चिनी नसतं, जपानी नसतं. ते आपलं असतं. सिद्धम् लिपीतलं बीजाक्षर. जपानी भिक्षू कूकाइ चीनमध्ये प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडिताकडे संस्कृत शिकला आणि ८०६ साली परतताना सिद्धम् लिपीतले ग्रंथ घेऊन आला. गुप्तकाळातल्या ब्राह्मीतून ती निघाली, आपली नागरीही त्याच कुळातली. तलवारीवर बहुधा अचलनाथाचं बीज ‘हां’ असतं, जपानी त्याला ‘कान’ म्हणतात. अचलनाथ हातात खड्ग आणि पाश घेऊन ज्वाळांत उभा असतो आणि त्याच्या खड्गाला वेटोळे घालणारा नाग म्हणजे आपला कुलिक. नागरी वाचणाऱ्या माणसाला वरचं अनुस्वाराचं टिंब ओळखू येतं. जपानी संग्राहक तिथे थबकतो, आपण थबकायचं कारण नाही. या एका बाबतीत आपल्याला जन्मतःच पुढचा पाट मिळालेला आहे.

लेख तलवारींवरच असतात असं नाही. चिनी मातीच्या भांड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. जपानच्या इमारी भांड्याच्या बुडाशी अनेकदा चीनच्या मिंग सम्राटाचा चेंगहुआ शक (१४६५–१४८७) लिहिलेला असतो. कुंभाराने फसवण्यासाठी तो लिहिला असं नाही, उत्तम निळ्या कामाची ती मानाची खूण होती. भांडं मात्र दोनशे वर्षं नंतरचं. बुडाशी इंग्रजीत ‘निप्पॉन’ असेल तर ते १८९०च्या अमेरिकी जकात कायद्यानंतरचं, कारण मालावर देशाचं नाव असलं पाहिजे असं त्या कायद्याने ठरवलं. १९२१नंतर ‘जपान’ लिहावं लागलं. या शिक्क्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते मी पुन्हा सांगत नाही.

चित्रं, पत्रं आणि चहाच्या वाडग्यांच्या लाकडी पेट्यांवरचं लिखाण ही वेगळी अडचण आहे. ते ब्रशने सलग, अक्षरात अक्षर गुंतवून लिहिलेलं असतं. त्याला कुझुशिजी म्हणतात. १९०० साली जपान सरकारने शाळेसाठी प्रत्येक उच्चाराला एकच अक्षर ठरवलं, बाकीची रूपं मागे पडली, आणि आज सुशिक्षित जपानी माणसाला आपल्या पणजोबांचं पत्र वाचता येत नाही. मोडी शाळेतून गेल्यावर आपल्याकडे जे झालं तेच. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल सोडून वाचणारी माणसं किती उरली आहेत हे इथल्या अभ्यासकांना विचारा. जपानने यावर काम सुरू केलं आहे. २०१७ साली जुन्या भूकंपांच्या नोंदी सामान्य नागरिकांकडून वाचून घेण्याचा उपक्रम निघाला, तो मोठा झाला. २०२१ साली ‘मिवो’ नावाचं मोबाइल अ‍ॅप आलं, पानाचा फोटो काढला की ते आजच्या अक्षरांत वाचून दाखवतं. थायलंडच्या तारिन क्लानुवात या संशोधक बाईंचा त्यात मोठा वाटा आहे. मी हे अ‍ॅप वापरतो आणि सर्वांनी वापरावं असं सांगतो. मात्र ते जुन्या पुस्तकांच्या पानांवर शिकलेलं आहे. छिन्नीने ठोकलेल्या, गंजात अर्ध्या बुडालेल्या सहीपुढे आपलाच डोळा कामाला येतो.

आता आपल्या घराकडे. १९४४च्या मार्चमध्ये इंफाळच्या वाटेवर सांगशाकला मराठा पलटणीची चौथी बटालियन जपान्यांशी लढली. १९४५ साली माउंटबॅटन यांच्या आग्रहाने आग्नेय आशियातल्या जपानी अधिकाऱ्यांनी जाहीर समारंभांत तलवारी सुपूर्द केल्या. त्यांतल्या कित्येक पलटणींच्या मेसमध्ये आल्या, काही माणसांच्या घरी आल्या. बहुतेक युद्धकाळात सेकी गावात घाऊक बनलेल्या असतात, नाकागोवर लहानसा शिक्का असतो. पण काही अधिकाऱ्यांनी घरातलं पिढीजात जुनं पातं लष्करी म्यानात घालून रणांगणावर नेलं होतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका घरी मला अशी तलवार दाखवली गेली. आजोबा सुभेदार होते. वरचा साज साधा, लष्करी, म्यानाचं कातडं सुकून भेगाळलेलं. खुंटी काढली, मूठ सरकवली. एका बाजूला गंज शांत, काळा, आणि सहा अक्षरं स्वच्छ: बिशू ओसाफुने सुकेसादा. दुसरी बाजू चकाकत होती. काय लिहिलंय ते दिसावं म्हणून घरातल्या कोणी तरी पॉलिश पेपर मारला होता. खाली दोन तिरप्या रेघा, महिना, दिवस एवढं उरलेलं. सर्वांत वर ‘एइ’ हे अक्षर उरलेलं. मधलं सगळं गेलेलं. एइशो असेल तर १५०४ ते १५२१, एइरोकू असेल तर १५५८ ते १५७०. बॅटरी बाजूने जवळजवळ सपाट धरून पाहिलं, तेव्हा दुसऱ्या अक्षराच्या जागी तळाशी एक आडवी सावली दिसली. एइशोच्या दुसऱ्या अक्षराला तळाशी आडवी रेघ असते. पण ती पॉलिश पेपरचा ओरखडाही असू शकते. मग मी नाकागो मोजला. तो आखूड होता, जेमतेम एका हाताच्या पकडीचा, आणि पातंही आखूड. एइशोच्या काळातल्या कताना अशाच एकहाती असतात, एइरोकूपर्यंत पातं आणि मूठ दोन्ही लांबतात. मी एइशोच्या बाजूने मत दिलं, आणि ते मतच आहे, हेही घरच्यांना सांगितलं. साल मात्र कायमचं गेलं.

अमेरिकेत एल्कहार्टला वॉल्टर कॉम्प्टन नावाचे औषध कंपनीचे प्रमुख जपानी तलवारींचे मोठे संग्राहक होते. युद्धानंतर हरवलेली, कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानाची कुनिमुने या लोहाराची ताची त्यांच्या हाती आली. ती कुठली हे कळल्यावर त्यांनी १९६३ साली मोबदला न घेता ती परत केली. संग्राहक म्हणून माझ्यापुढे हा माणूस आहे. वाचता आल्यावर वस्तूशी काय नातं राहतं ते त्यांनी दाखवलं.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. तुमच्या घरात, नात्यात, गावात जपानी तलवार असेल तर नाकागोला रॉकेल, लिंबू, चिंच, पॉलिश पेपर, काहीही लावू नका. पात्याला बोट लावू नका. खुंटी स्वतः ठोकून काढू नका, जाणत्या माणसाकडून काढून घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो बाजूच्या उजेडात काढा आणि ती कुठून, कोणाबरोबर आली ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्या. पुण्यात आज जपानी भाषा शिकणारी मुलं एवढी आहेत. त्यांना माझी विनंती आहे की महाराष्ट्रातल्या घरांतल्या, मेसमधल्या आणि संग्रहालयांतल्या जपानी लेखांची एक यादी तुम्ही करायला घ्या. अशी यादी करायला तलवार विकत घ्यावी लागत नाही. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन आणि सर दोराब टाटांनी दिलेल्या चीन-जपानच्या वस्तू आहेत. तिथून सुरुवात करता येईल.